औद्योगिक राखेद्वारे दूषित मातीतील जड धातूंचे स्थिरीकरण

औद्योगिक राखेद्वारे जड धातूंचे स्थिरीकरण ही दूषित मातीवर उपचार करण्याची एक रासायनिक पद्धत आहे. या पद्धतीत औष्णिक विद्युत केंद्रातील उडती राख (फ्लाय ॲश) किंवा तत्सम औद्योगिक राख दूषित मातीत मिसळली जाते. राखेतील अल्कधर्मी व सिलिकायुक्त घटकांमुळे शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल, तांबे यांसारखे धातू कमी विद्राव्य रूपात बांधले जातात. त्यामुळे ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात झिरपण्याचे, तसेच पिकांच्या मुळांवाटे अन्नसाखळीत शिरण्याचे प्रमाण घटते.

या पद्धतीत धातू मातीतून काढून टाकले जात नाहीत. त्यांचे एकूण प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते आणि केवळ त्यांची चलनशीलता कमी होते. म्हणून स्थिरीकरण म्हणजे माती शुद्ध होणे नव्हे. धातू बांधलेले राहतील अशी परिस्थिती टिकवणे आणि तिच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवणे हा या उपचाराचाच भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

सेंद्रिय प्रदूषके सूक्ष्मजीवांमुळे किंवा उष्णतेने विघटित होऊ शकतात. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्यांचे विघटन होत नाही. विद्युतविलेपन, धातू वितळवणे, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणे, रंगनिर्मिती, कातडी कमावणे आणि खाणकाम या व्यवसायांतून बाहेर पडलेले धातू मातीत अनेक दशके टिकून राहतात. कारखाना बंद झाला, जागेचा वापर बदलला किंवा तिथे वस्ती उभी राहिली तरी ते तिथेच असतात.

अशा जमिनीबाबत मुख्यतः तीन मार्ग उपलब्ध असतात. पहिला मार्ग म्हणजे दूषित माती खणून सुरक्षित भूभरावात नेणे. दुसरा मार्ग माती धुऊन किंवा विशिष्ट वनस्पती लावून धातू बाहेर काढण्याचा आहे. तिसरा मार्ग म्हणजे धातू जागच्या जागी बांधून ठेवणे. पहिला मार्ग खर्चिक असून त्यात प्रदूषण एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. वनस्पतींद्वारे धातू काढण्यास अनेक वर्षे लागतात. तिसऱ्या मार्गात सिमेंट, चुना, फॉस्फेट, लोहयुक्त पदार्थ, सेंद्रिय खत किंवा राख यांचा वापर होतो. यांपैकी राख हा स्वतःच एक टाकाऊ पदार्थ असल्यामुळे एका टाकाऊ पदार्थाने दुसऱ्याचा धोका कमी करण्याची कल्पना आकर्षक ठरली आहे.

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे देशात राखेची निर्मिती मोठ्या प्रमाणावर होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी १० टक्क्यांहूनही कमी राख वापरात आली. २०२०-२१ मध्ये निर्मिती सुमारे २३.३ कोटी टन, तर वापर सुमारे ९२ टक्के होता. यातील मोठा वाटा सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव आणि सखल जमिनी भरणे यांचा आहे. दूषित मातीच्या स्थिरीकरणासाठी होणारा वापर त्या तुलनेत अत्यल्प आहे.

राखेचे प्रकार आणि घटक

कोळसा जळल्यानंतर भट्टीच्या तळाशी जमणाऱ्या जाड राखेला तळराख म्हणतात. धुराबरोबर वर जाणारे बारीक कण विद्युतस्थितिक अवक्षेपकात अडवले जातात. त्यांना उडती राख म्हणतात. उडत्या राखेचे कण बहुधा गोलाकार व काचसदृश असतात. सिलिका, ॲल्युमिना, लोहाची ऑक्साइडे आणि कॅल्शियम ऑक्साइड हे तिचे प्रमुख घटक होत. याशिवाय न जळालेला कार्बन आणि अल्प प्रमाणात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम, शिसे इत्यादी मूलद्रव्येही तिच्यात असतात.

कॅल्शियमच्या प्रमाणानुसार उडत्या राखेचे दोन वर्ग केले जातात:

• कमी चुन्याची राख (एफ वर्ग): ही मुख्यतः बिट्युमिनस कोळशापासून मिळते. महाराष्ट्रातील चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, नाशिक (एकलहरे) व डहाणू येथील केंद्रे दगडी कोळशावर चालतात आणि त्यांची राख सामान्यतः या वर्गात मोडते. ही राख केवळ पाण्याने घट्ट होत नाही. तिला चुना किंवा सिमेंटची जोड द्यावी लागते.

• जास्त चुन्याची राख (सी वर्ग): ही लिग्नाइटसारख्या कोळशापासून मिळते. तमिळनाडूतील नेयवेली येथील राख या प्रकारची आहे. तिच्यात स्वतःच घट्ट होण्याचा गुण काही प्रमाणात असतो.

हा भेद स्थिरीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परदेशातील जास्त चुन्याच्या राखेवर आधारलेले निष्कर्ष महाराष्ट्रातील राखेला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

कोळशाच्या राखेखेरीज साखर कारखान्यांतील बगॅसची राख आणि भातगिरण्यांतील तुसाची राख यांचाही विचार केला जातो. तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण साधारणतः ८५ ते ९५ टक्के असते. शहरी कचरा जाळून मिळणारी उडती राख मात्र या कामासाठी अयोग्य समजली जाते, कारण तिच्यातच शिसे, कॅडमियम आणि क्लोराइडे मोठ्या प्रमाणात असू शकतात.

स्थिरीकरणाच्या प्रक्रिया

राख मातीत मिसळल्यावर एकाच वेळी अनेक प्रक्रिया घडतात.

सामू वाढणे व अवक्षेपण: राखेतील कॅल्शियम ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि मातीचा सामू वाढतो. आम्लधर्मी मातीत विरघळलेले धातू त्यामुळे हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट या अविद्राव्य रूपांत खाली बसतात. बहुतेक जागी सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे दिसणारा परिणाम हाच असतो.

अधिशोषण: राखेतील लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर धातूंचे आयन चिकटतात. सामू वाढला की या पृष्ठभागांवरील ऋण प्रभार वाढतो आणि धन प्रभार असलेले धातूचे आयन अधिक घट्ट धरले जातात.

पोझोलानी क्रिया: राखेतील काचसदृश सिलिका व ॲल्युमिना चुन्याच्या सान्निध्यात हळूहळू विरघळून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट व कॅल्शियम ॲल्युमिनेट हायड्रेट तयार होतात. सिमेंट घट्ट होण्यामागेही हीच संयुगे असतात. धातूंचे आयन या संयुगांच्या रचनेत अडकतात किंवा त्यांच्या आवरणाखाली येतात. ही क्रिया आठवडे ते महिने चालते. 'पोझोलान' हे नाव इटलीतील पोझ्झुओली या गावावरून आले असून तेथील ज्वालामुखीची राख रोमन काळापासून चुन्यात मिसळली जात असे.

झिओलाइटनिर्मिती: उडत्या राखेवर दाहक सोड्याच्या द्रावणाची उष्ण प्रक्रिया केल्यास तिच्या काही भागाचे झिओलाइटमध्ये रूपांतर होते. झिओलाइटच्या सच्छिद्र रचनेमुळे आयन अदलाबदलीची क्षमता मूळ राखेच्या तुलनेत अनेक पटींनी वाढते. मात्र रसायने आणि उष्णता लागत असल्यामुळे खर्चही वाढतो.

धातूनुसार वर्तन

सर्व धातू राखेला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे जागेवर नेमके कोणते धातू आहेत हे ठरवल्याशिवाय राख मिसळणे धोक्याचे ठरू शकते.

• कॅडमियम व निकेल: सामू वाढत जाईल तशी यांची विद्राव्यता कमी होते, सुमारे १० ते ११ या सामूजवळ ती किमान असते.

• शिसे व जस्त: हे उभयधर्मी धातू आहेत. सुमारे ९ ते १० या सामूपर्यंत त्यांची विद्राव्यता घटते, परंतु त्यापुढे ते पुन्हा विरघळू लागतात. चुना प्रमाणाबाहेर घातल्यास शिशाचे निक्षालन कमी होण्याऐवजी वाढू शकते.

• क्रोमियम: त्रिसंयुजी क्रोमियम साधारण उदासीन ते सौम्य अल्कधर्मी मातीत हायड्रॉक्साइड रूपात स्थिरावते. षट्‌संयुजी क्रोमियम मात्र क्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असते आणि अल्कधर्मी स्थितीत अधिक चलनशील होते. त्यासाठी आधी फेरस सल्फेटसारख्या क्षपणकारकाने त्याचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करावे लागते. तमिळनाडूतील राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्यासारख्या ठिकाणी केवळ राख घालणे म्हणूनच उपयोगाचे नसते.

• आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम: हीसुद्धा ऋण आयनांच्या रूपात वावरणारी मूलद्रव्ये आहेत. सामू वाढल्यास ती मातीच्या कणांपासून सुटू शकतात. आर्सेनिकसाठी लोहयुक्त पदार्थ अधिक योग्य ठरतात.

• पारा: याच्यासाठी सामान्यतः सल्फाइडयुक्त पदार्थांचा वापर केला जातो.

कार्यपद्धती

स्थिरीकरणाची सुरुवात जागेच्या सर्वेक्षणाने होते. जागेची जाळीवार आखणी करून वेगवेगळ्या खोलीवरील नमुने घेतले जातात. त्यांतील धातूंचे एकूण प्रमाण, सामू, सेंद्रिय कर्ब, चिकणमातीचा अंश आणि भूजलाची पातळी तपासली जाते. वापरायच्या राखेचेही स्वतंत्र पृथक्करण केले जाते. त्यानंतर प्रयोगशाळेत राख, चुना व सिमेंट यांची निरनिराळी प्रमाणे मातीत मिसळून, ठराविक काळ ओलसर ठेवून निक्षालन तपासले जाते. समाधानकारक मिश्रण सापडल्यावर छोट्या तुकड्यावर प्रयोग आणि मग पूर्ण जागेवर काम असा क्रम असतो.

लागणाऱ्या राखेचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. १ हेक्टर क्षेत्रातील वरचा २० सेंटिमीटरचा थर म्हणजे २,००० घनमीटर माती. घनता प्रति घनमीटर १.३ टन धरल्यास तिचे वजन २,६०० टन होते. वजनाच्या ५ टक्के राख मिसळायची झाल्यास १३० टन राख लागते. या राखेत प्रति किलोग्रॅम १० मिलिग्रॅम आर्सेनिक असेल, तर तिच्याबरोबर १.३ किलोग्रॅम आर्सेनिकही त्या जमिनीत जाईल. उलट, मातीत मुळात प्रति किलोग्रॅम १,००० मिलिग्रॅम शिसे असेल, तर राख मिसळल्याने ते केवळ विरलनामुळे सुमारे ९५० मिलिग्रॅम होईल. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात: राखेची निवड तपासूनच करावी लागते, आणि उपचाराचे यश धातूच्या एकूण प्रमाणावरून मोजता येत नाही.

राख कोरडी असताना हवेत सहज उडते आणि तिचे बारीक कण श्वसनमार्गात जाऊ शकतात. म्हणून वाहतूक बंदिस्त वाहनांतून करणे, राख ओलसर ठेवणे व कामगारांना मुखपट्ट्या देणे आवश्यक असते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात हे काम पावसाळा संपल्यानंतर हाती घेणे सोयीचे ठरते, कारण पोझोलानी क्रियेला पुरेसा अवधी मिळण्यापूर्वी जोरदार पाऊस झाल्यास राख व धातू दोन्ही वाहून जाऊ शकतात.

चाचण्या

उपचारानंतर धातू कितपत बांधले गेले हे पाहण्यासाठी निक्षालन चाचण्या वापरल्या जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलेल्या विषाक्तता निक्षालन चाचणीत नमुना त्याच्या २० पट वजनाच्या ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे १८ तास घुसळला जातो आणि द्रावणात उतरलेले धातू मोजले जातात. भारताच्या घातक कचराविषयक २०१६च्या नियमांतही ही चाचणी स्वीकारलेली असून तिच्यानुसार निक्षालितातील मर्यादा शिशासाठी प्रति लिटर ५ मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी १ मिलिग्रॅम, क्रोमियमसाठी ५ मिलिग्रॅम, तर पाऱ्यासाठी ०.२ मिलिग्रॅम आहे.

राखेने उपचार केलेल्या मातीबाबत या चाचणीला एक मर्यादा आहे. चाचणीत वापरले जाणारे आम्ल ठराविक असते; राखेतील अल्कधर्म ते आम्ल संपवून टाकतो आणि निष्कर्ष प्रत्यक्षापेक्षा अधिक चांगला दिसू शकतो. निसर्गात मात्र पावसाचे पाणी, मुळांतून स्रवणारी आम्ले आणि सेंद्रिय पदार्थांचे विघटन यांचा परिणाम वर्षानुवर्षे होत राहतो. म्हणून निरनिराळ्या सामूवरील निक्षालन, स्तंभ चाचण्या आणि टप्प्याटप्प्याने केलेले निष्कर्षण यांची जोड दिली जाते. १९७९ मध्ये टेसिए व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत मातीतील धातूंची पाच अंशांत विभागणी होते: विनिमयक्षम, कार्बोनेटबद्ध, लोह-मँगनीज ऑक्साइडबद्ध, सेंद्रियबद्ध आणि अवशिष्ट. यशस्वी स्थिरीकरणात धातू पहिल्या अंशाकडून शेवटच्या अंशांकडे सरकलेला आढळतो. शेतजमिनीच्या बाबतीत पिकाच्या पानांतील व दाण्यांतील धातूंचे प्रमाण तपासणे ही अंतिम कसोटी असते.

उदाहरणे

लोमेल, बेल्जियम: औद्योगिक राखेद्वारे स्थिरीकरणाचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण बेल्जियममधील लोमेल येथील माटहाइडे या जागेचे आहे. तेथील जस्त वितळवण्याच्या कारखान्यामुळे आसपासची रेताड जमीन जस्त व कॅडमियमने इतकी दूषित झाली होती की तिच्यावर वनस्पती उगवत नव्हत्या. १९९० मध्ये सुमारे ३ हेक्टर जागेवर 'बेरिंगाइट' व कंपोस्ट मिसळून गवत पेरण्यात आले. बेरिंगाइट हा बेरिंगेन येथील कोळसा खाणीतील टाकाऊ खडक भट्टीत जाळून मिळालेला ॲल्युमिनोसिलिकेट पदार्थ होय. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत तेथे वनस्पतींचे आच्छादन टिकून असल्याचे व मातीतील पाण्यात विरघळणाऱ्या धातूंचे प्रमाण उपचार न केलेल्या जागेपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे आढळले. मातीतील जस्त तिथेच होते. पण वनस्पतींना अपाय करील अशा रूपात ते उरले नव्हते. आच्छादनामुळे दूषित धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत जाणेही कमी झाले.

खापरखेडा, नागपूर जिल्हा: नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेच्या ढिगावर केलेले काम या विषयाची दुसरी बाजू दाखवते. येथे राख हे औषध नसून तीच दूषित जमीन होती. शेणखत, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशी यांच्या साह्याने तेथे झाडे वाढवण्यात आली आणि राखेतील धातू मुळांच्या परिसरात रोखण्याचा अभ्यास झाला. राखेत नत्र व सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतात, त्यामुळे तिच्याबरोबर सेंद्रिय खत देणे का आवश्यक असते हे या प्रयोगातून दिसून येते.

घातक कचरा विल्हेवाट केंद्रे: महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे औद्योगिक घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत. अशा केंद्रांत धातुयुक्त गाळ सुरक्षित भूभरावात टाकण्यापूर्वी त्यात चुना, सिमेंट, उडती राख यांसारखे पदार्थ मिसळून निक्षालन मर्यादेखाली आणण्याची पद्धत आहे. या पद्धतीमागील रसायनशास्त्र मातीच्या स्थिरीकरणाप्रमाणेच आहे. फरक एवढाच की, येथे मिश्रणाच्या खाली व वर अभेद्य थर असतो, तर उघड्या जमिनीला असे संरक्षण नसते.

पालघर जिल्हा व वसई-विरार परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात राखेचा स्रोत आणि धातू हाताळणारे उद्योग या दोन्ही गोष्टी आढळतात. डहाणू येथील ५०० मेगावॉटचे (प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच) औष्णिक विद्युत केंद्र १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सुरू आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन करण्यात आले. चिकूच्या बागांचा हा प्रदेश असल्यामुळे केंद्रातून बाहेर पडणारे वायू व राख हा येथे सुरुवातीपासून संवेदनशील विषय राहिला आहे.

डहाणूच्या दक्षिणेला बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक क्षेत्रांत पहिल्या क्रमांकावर होते. त्याहून दक्षिणेला वसई-विरार शहर महानगरपालिकेचे क्षेत्र लागते. वसई पूर्वेकडील गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान अभियांत्रिकी उद्योगांच्या वसाहती आहेत. विरार पूर्वेकडील चंदनसार हा भाग शेती, वस्ती, वाहतूक व्यवसाय आणि नवी बांधकामे एकमेकांत मिसळलेल्या अशाच पट्ट्यात मोडतो.

डहाणू केंद्रापासून चंदनसारचे हवाई अंतर ५० किलोमीटरपेक्षा अधिक, परंतु १०० किलोमीटरपेक्षा कमी आहे. राखेच्या वापरासंबंधी १९९९च्या अधिसूचनेतील मूळ मर्यादा ५० किलोमीटर असल्याने हा भाग तिच्या बाहेर होता. २००३च्या दुरुस्तीने मर्यादा १०० किलोमीटर झाल्यावर तो तिच्या कक्षेत आला. परिसरातील बांधकामांत राखेच्या विटांचा आणि राखमिश्रित सिमेंटचा वापर या धोरणाशी निगडित आहे.

या परिसरातील मातीचे स्वरूप एकसारखे नाही. किनाऱ्यालगत खारवट गाळाची माती, सपाटीवर मध्यम काळी माती आणि पूर्वेकडील डोंगरउतारांवर तांबूस माती आढळते. काळ्या मातीचा सामू मुळातच उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे तिच्यात राख घालून सामू वाढवण्यास फारसा वाव नसतो. तेथे अधिशोषण व पोझोलानी क्रियेवरच भिस्त ठेवावी लागते. आम्लधर्मी तांबूस मातीत मात्र राखेचा परिणाम अधिक दिसतो. खारवट मातीतील क्लोराइडांमुळे कॅडमियम विद्राव्य संयुगे बनवते, त्यामुळे तेथे त्याचे स्थिरीकरण अवघड होते. जिल्ह्यात वार्षिक पर्जन्यमान २,००० मिलिमीटरहून अधिक असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. थोड्या काळात मातीतून जाणारे हे पाणी स्थिरीकरणाची कठोर परीक्षा घेते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांत भाजीपाला, फुले, केळी व नागवेलीची पाने यांचे उत्पादन होते आणि तेथील विहिरी व बावखले उथळ भूजलावर अवलंबून असतात. पालेभाज्या कॅडमियमसारखे धातू पानांत साठवतात. त्यामुळे अशा भूजलाच्या वरच्या अंगाला असलेल्या औद्योगिक जमिनीत धातू बांधलेले आहेत की मोकळे, हा प्रश्न थेट पिण्याच्या पाण्याशी आणि बाजारात जाणाऱ्या भाजीशी जोडलेला असतो.

पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील भातशेतीत राख मातीत मिसळण्याची परंपरा जुनी आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठी शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून 'राब' भाजला जातो आणि त्या राखेवर पेरणी होते. परंतु राबाची राख आणि कोळशाची राख यांत मोठा फरक आहे. राबाच्या राखेत त्याच परिसरातील वनस्पतींनी मातीतून घेतलेले पालाश व इतर क्षार परत मिळतात. कोळशाच्या राखेत भूगर्भातून आलेली आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम यांसारखी मूलद्रव्ये नव्याने शेतात येतात. एकीच्या अनुभवावरून दुसरीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

कायदेशीर चौकट

उडत्या राखेच्या वापराबाबत केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी पहिली अधिसूचना काढली. तिच्यात २००३, २००९ व २०१६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. २०१६च्या दुरुस्तीने अंतराची मर्यादा ३०० किलोमीटर केली. ३१ डिसेंबर २०२१च्या नव्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर करणे केंद्रांवर बंधनकारक केले आणि न वापरलेल्या राखेसाठी प्रति टन १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली. वापराच्या मान्य प्रकारांत विटा व सिमेंट, रस्ते व धरणे, सखल जमीन व खाणी भरणे, किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील किनारा संरक्षक बांधकामे आणि मातीची तपासणी करून नियंत्रित प्रमाणात शेतीसाठी वापर यांचा समावेश आहे. दूषित मातीच्या स्थिरीकरणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही.

दूषित जागांची ओळख, तपासणी व उपचार यांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यापूर्वी अशा जागांची प्रकरणे मुख्यतः प्रदूषण नियंत्रण मंडळांचे आदेश व राष्ट्रीय हरित लवादाचे निर्णय यांद्वारे हाताळली जात.

मर्यादा व आक्षेप

राखेच्या वापरावर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप असा की, राख संपवण्याची निकड असलेल्या व्यवस्थेत 'उपचार' आणि 'विल्हेवाट' यांतील सीमारेषा सहज पुसली जाते. तपासणीशिवाय जमिनीवर टाकलेली राख हा उपचार नसून नवे प्रदूषण असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा अतिवृष्टीत फुटून राखमिश्रित पाणी नाल्यांत व शेतांत शिरले होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी बंधारा फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा गाळ नदीत व वस्तीत पसरला. या घटनांचा स्थिरीकरणाशी थेट संबंध नसला तरी राख हा निरुपद्रवी पदार्थ नाही, हे त्यांतून स्पष्ट झाले.

याशिवाय पुढील मर्यादा सांगितल्या जातात:

• हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचे कार्बोनेटमध्ये रूपांतर होऊन सामू हळूहळू उतरतो; त्यामुळे बांधलेले काही धातू पुन्हा मोकळे होण्याची शक्यता असते.

• जास्त राखेमुळे मातीतील क्षार व बोरॉन वाढून पिकांना अपाय होऊ शकतो, तसेच स्फुरद व जस्त यांची उपलब्धता घटते.

• एका केंद्राच्या राखेचे घटकसुद्धा कोळशाच्या स्रोतानुसार बदलत असल्याने प्रत्येक खेपेची तपासणी आवश्यक असते.

• उपचारित जमीन नंतर खणली गेल्यास खालच्या थरांतील धातू उघडे पडू शकतात. म्हणून अशा जमिनीची नोंद भूमी अभिलेखात राहणे आणि पुढील मालकाला तिची माहिती असणे महत्त्वाचे ठरते. वेगाने बांधकाम होणाऱ्या शहरी सीमाभागांत हा मुद्दा विशेष लागू पडतो.

पर्यायी व पूरक पद्धती

राखेऐवजी किंवा राखेबरोबर शिशासाठी फॉस्फेट खडक, आर्सेनिकसाठी लोहाची ऑक्साइडे, तर सर्वसाधारण वापरासाठी जैवकोळसा व कंपोस्ट वापरले जाते. धातू मुळांच्या परिसरात रोखून धरणाऱ्या वनस्पतींची लागवड ही स्थिरीकरणाला पूरक ठरते, कारण तिच्यामुळे मातीची धूप थांबते. जेथे प्रदूषण अत्यंत तीव्र असते किंवा भूजल अगदी वर असते, तेथे माती काढून सुरक्षित भूभरावात नेण्याला पर्याय राहत नाही. मध्यम प्रदूषित, विस्तीर्ण आणि तातडीने खणता न येणाऱ्या जमिनींसाठी राखेद्वारे स्थिरीकरण हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे. मात्र त्याचे मूल्य मिसळलेल्या राखेच्या टनांवर नव्हे, तर त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यात काय सापडते यावर ठरते.

हे सुद्धा पहा

• उडती राख
• जड धातू
• मृदा प्रदूषण
• डहाणू औष्णिक विद्युत केंद्र
• तारापूर औद्योगिक वसाहत
• वसई-विरार